मुली "मजेत" म्हणतात तेव्हा

गेल्या वर्षी आम्ही चार-पाच जणींनी ठरवलं की आपल्या भागातल्या मुलींचं नेमकं कसं चाललंय ते एकदा नीट बघूया, म्हणजे साधारण दहा ते सोळा वयाच्या. मला फॉर्म बनवायची भारी हौस, लगेच 32 प्रश्नांचा फॉर्म तयार. 1 ते 5 मार्क द्या टाइप. तू खूश आहेस का, सुरक्षित वाटतं का, घरचे तुझं ऐकून घेतात का वगैरे वगैरे. घरोघरी जाऊन भरून घेतले आणि सगळीकडे 4 नाहीतर 5! मला वाटलं चला, सगळं आलबेल आहे, सुटलो.

मग एक मैत्रीण म्हणाली, अगं पण फॉर्म भरताना आई शेजारीच बसली होती ना. मी गप. घरचे ऐकून घेतात का असं विचारायचं आणि घरचे तिथेच कान टवकारून बसलेले, ती पोरगी काय 1 मार्क देणारे?

फॉर्म गेले माळ्यावर. दुसऱ्या वेळी मुलींनाच एकत्र बोलावलं, घरच्यांना रीतसर सांगून, पण ते खोलीच्या बाहेर. प्रत्येकीला कोऱ्या कागदावर एक मोठा गोल, म्हणजे 24 तासांचं घड्याळ, आणि खडू. कालचा दिवस रंगवा. झोप निळी, शाळा-अभ्यास पिवळा, घरकाम लाल आणि फक्त तुझा स्वतःचा वेळ हिरवा. बास, एकही प्रश्न नाही. (आयडिया माझी नाही, वस्त्यांमधून काम करणारे लोक हे कधीपासून करतात, मलाच उशिरा कळलं.)

पंधरा मिनिटं नुसता खडूंचा आवाज. एक तेरा वर्षांची, लाल रंग घासून घासून कागद फाटायला आलेला, तिने हळूच विचारलं, "ताई, बाथरूममधला वेळ हिरवा धरायचा का?"

काय सांगणार. धर म्हटलं.

नंतर मुलांकडूनही तेच करून घेतलं आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले तर वेगळं काही बोलायची गरजच नाही. युनिसेफने 2016 मध्ये जगभराचा आकडा दिला होता की 5 ते 14 वयाच्या मुली त्याच वयाच्या मुलांपेक्षा घरकामात 40 टक्के जास्त वेळ घालवतात. तो वाचून मी पूर्वी "हं" म्हणून पुढे गेले होते, लाल खडू बघितल्यावर तसं जाता येईना.

दुसरा खेळ नकाशाचा. आपल्या भागाचा नकाशा काढा, जिथे थांबावंसं वाटतं तिथे हिरवा ठिपका, जिथून भरभर चालत निघून जाता तिथे लाल. छोट्या मुलींचे हिरवे ठिपके मैदानभर, अकरा-बाराच्या पुढच्या मुलींचे मैदानावर एकसुद्धा नाही. मधला भाग क्रिकेट-फुटबॉलवाल्यांचा, कडेला बसलं की कोणीतरी बघत राहतं. मला वाटायचं या वयात मुलींना खेळायचा कंटाळाच येतो. पण व्हिएन्नात 1990च्या दशकात हेच दिसलं होतं, वयाची नऊ वर्षं उलटली की मुली बागेत येईनाशा होतात म्हणून. मग 1999 मध्ये तिथल्या नगर प्रशासनाने दोन बागा बदलल्या, मोठ्या मोकळ्या जागेचे झाडं लावून छोटे छोटे भाग पाडले, पायवाटा केल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली आणि मुली परत यायला लागल्या. म्हणजे कंटाळा वगैरे काही नव्हतं, जागाच नव्हती.

आणखी एक. दोन-तीन मुलींना घरी "आळशी" म्हणतात, जिना चढला की दम लागतो, वर्गात डोळे मिटतात. बाराच्या पुढच्या मुलींचं हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली असलं की त्याला अॅनिमिया म्हणतात आणि या वयात एकीकडे अंग वाढत असतं, दुसरीकडे पाळी सुरू झालेली, त्यामुळे लोह पटकन कमी पडतं. साधी रक्त तपासणी. स्वभावाला नावं ठेवायच्या आधी ती तरी करा यार.

एक चूक मात्र होता होता राहिली. एक मुलगी म्हणाली, सांगते पण कोणाला सांगू नका हं. माझ्या तोंडात "नाही सांगणार" आलंच होतं, तेवढ्यात मैत्रिणीने पायावर पाय दिला. तसं वचन द्यायचंच नाही. तुला किंवा कोणाला धोका असेल तर मदतीसाठी मला एका माणसाला सांगावं लागेल, पण आधी तुला विचारून, असं पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगायचं. आणि तो माणूस कोण हे आपलं आपल्याला आधीच माहीत हवं, नाहीतर मुलींना बोलतं करायच्या फंदात पडूच नये.

शेवटी मुलींनाच विचारलं काय पाहिजे. आम्ही मनात कार्यशाळा, भाषणं, शिबिरं धरून बसलेलो. त्यांनी मागितलं काय, तर मैदानाच्या वाटेवर एक दिवा, आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्धं मैदान, आणि दोन बाक समोरासमोर, कारण आत्ता सगळे बाक एका रांगेत मैदानाकडे तोंड करून, चौघी बसल्या तर कडेच्या दोघींना एकमेकींचं ऐकूच येत नाही!

मैदानाचं मुलांशी भांडून मिटलं, भांडण मुलींनीच केलं. बाक सिमेंटमधून उखडून फिरवायला एक रविवार गेला. मी तिथून जायला लागले की त्या बोलायच्या थांबतात, मी गेले की परत सुरू. दिवा अजून आलेला नाही, अर्ज दोनदा देऊन झाला, तिसरा त्याच लिहिणार आहेत म्हणे.