आजोबांचं पासबुक आणि रिझर्व्ह बँकेकडे गेलेले पैसे

आण्णांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या लोखंडी पेटीत सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली एक पासबुक सापडलं. पहिली नोंद हातानं लिहिलेली, १९७३ ची: 'रोख जमा ५ रु.' शेवटची छापील, २००८ ची, शिल्लक ३८,४१२ रुपये. २००९ मध्ये आण्णा गेले, तीन वर्षांनी आजी. खात्याचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

त्या बँकेचं नावही आता उरलेलं नाही. १९ जुलै १९६९ ला सरकारनं ५० कोटींहून जास्त ठेवींच्या ज्या १४ बँका ताब्यात घेतल्या, त्यांतली ती एक. पुढे दुसऱ्या सरकारी बँकेत विलीन झाली. बाबा सांगतात, त्याआधी आमच्याकडे पैसे ठेवायचे तर पोस्टात, आणि लागले तर सावकाराकडे. राष्ट्रीयीकरणानंतर शाखा तालुक्याला आली आणि आण्णांनी पाच रुपयांवर खातं उघडलं. त्या नोंदीवर बोट ठेवून बाबा बराच वेळ गप्प बसले होते.

शाखेत पहिल्या दिवशी उत्तर मिळालं, "ताई, हा नंबर सिस्टीमला दिसत नाही. आणि दहा वर्षं उलटली ना, पैसे गेले." ऐकून मला रडू आलं. पण हे खरं नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय. दहा वर्षं खात्यावर व्यवहार झाला नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या डीईए फंडात, म्हणजे ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जाते, पण हक्क बुडत नाही. बचत खात्याच्या रकमेवर तिथेही व्याज मिळतं, मे २०२१ पासून ३ टक्के. मागणी आपल्या बँकेकडेच करायची. बँक आपल्याला पैसे देते आणि नंतर रिझर्व्ह बँकेकडून वसूल करते.

अशा विसरलेल्या ठेवी शोधायच्या रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर आण्णांचं नाव आणि मतदार ओळखपत्राचा नंबर टाकला. खातं निघालं! त्याची प्रिंट घेऊन गेले, तेव्हा मॅनेजर साहेबांनी खुर्ची दिली आणि कागदांची यादी स्वतःच्या हातानं लिहून दिली.

खरी अडचण वारसाची. खात्याला नॉमिनी नव्हता. १९७३ मध्ये बँक खात्याला नॉमिनी लावायची कायद्यात सोयच नव्हती, ती १९८५ मध्ये आली, आणि नंतर कुणी फॉर्म भरला नाही. त्यामुळे बाबा आणि आत्या दोघांच्या सह्या, दोघांचं आधार आणि पॅन, दोघा आजी-आजोबांचे मृत्यूचे दाखले, स्टॅम्प पेपरवर हमीपत्र, दोन साक्षीदार. रक्कम लहान असल्यानं कोर्टाचा वारस दाखला मागितला नाही. पासबुकात 'दत्तात्रय' आणि दाखल्यावर 'दत्तू', म्हणून एकाच माणसाची दोन नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र तहसीलजवळ करून घेतलं. त्यातच आठवडा गेला. घरी येऊन पहिलं काम केलं ते बाबांच्या तिन्ही खात्यांना नॉमिनी लावायचं. नॉमिनी पैसे घेतो ते वारसांच्या वतीनं, मालक म्हणून नाही, हेही तेव्हाच कळलं.

पाचव्या फेरीनंतर पैसे बाबांच्या खात्यावर जमा झाले. निम्मे आत्याला पाठवले. तिनं फोनवर आधी पासबुकाचं विचारलं. ते बँकेनं जमा करून घेतलं होतं, पण पहिल्या पानाची झेरॉक्स मी काढून ठेवली होती. दिवाळीला जाऊन ती तिच्या हातात दिली.