आमची वाटचाल: एका झडपेचं पेटंट

आमच्या वर्कशॉपमध्ये पाण्याच्या लाइनसाठी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारे व्हॉल्व्ह, बनतात. गाळ अडकून झडप नीट न बसणं, हे या व्हॉल्व्हचं जुनं दुखणं. आमच्या फिटरनं झडपेच्या दांड्याला पिळाच्या खाचा दिल्या. पाणी सुरू झालं की झडप थोडी फिरते आणि बैठक घासून साफ करते. चाचणीत ती टिकली, तेव्हा पेटंट घ्यायचं ठरवलं. कसं घेतात, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

सुरुवात वायपोच्या, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या, मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमापासून केली. अर्जाआधी वस्तू चारचौघांत दाखवली तर बऱ्याच देशांत तिचं नावीन्यच संपतं, हे तिथं कळलं. काही देश सवलतीची मुदत देतात, पण तिच्यावर विसंबू नये. प्रदर्शनातला आमचा स्टॉल ठरलेला होता. व्हॉल्व्ह तिथं मांडला नाही. भागीदार नाराज झाले, तरी तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

खरं शिकवलं ते इतरांच्या पेटंटांनी. ती शोधायच्या साइट म्हणजे एस्पासनेट, पेटंटस्कोप, गूगल पेटंट्स, तिन्ही फुकट. पण नावानं शोधून हाती फारसं लागेना, कारण आपण ज्याला नॉन-रिटर्न म्हणतो त्याला दुसरे चेक व्हॉल्व्ह म्हणतात. मग पेटंटांचं विषयवार वर्गीकरण कळलं. एफ१६के हा व्हॉल्व्हचा वर्ग, त्यात १५ खाली चेक व्हॉल्व्ह. एकेक उघडत गेलो आणि फिरणारी झडप सापडलीच, कुणीतरी फार पूर्वी केलेली. दोन दिवस कामात मन लागलं नाही.

नंतर तो कागद पुन्हा काढला. आधी फक्त चित्रं पाहिली होती, आता क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितला आहे ती कलमं, वाचले. संरक्षण किती, हे क्लेमवरूनच ठरतं. त्यात झडप फिरवायला पाती होती, दांड्यावर खाचा नव्हत्या. शिवाय अर्जापासूनची २० वर्षांची मुदत कधीच संपलेली. म्हणजे झडप फिरवायला आम्हाला त्या पेटंटची आडकाठी नव्हती, आणि क्लेम फक्त खाचांचा करायचा होता.

क्लेम लिहायला पेटंट एजंट घेतला. हे काम स्वतः करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण सापडलेल्या जुन्या पेटंटांच्या नोंदींची वही आधीच तयार असल्यानं त्यांना पहिल्याच भेटीत मुद्द्यावर येता आलं. पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांच्या आत पीसीटी अर्ज, म्हणजे पेटंट सहकार्य कराराखाली अनेक देशांसाठी मिळून एकच अर्ज, केला. त्यामुळे कोणत्या देशांत जायचं हे ठरवायला बहुतेक ठिकाणी पहिल्या अर्जापासून ३० महिने मिळतात.

तपासणी अहवाल आला, त्यात दोन जुनी पेटंटं दाखवली होती. त्यातलं पातीवालं आमच्या वहीत होतंच. दुसऱ्याचं उत्तर सध्या लिहितो आहोत.