मॅडम, याची एंट्री कुठे होते?

शिकाऊ डॉक्टरला पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची प्रश्नावली भरायला देणं म्हणजे पेपर काढणाऱ्यालाच परीक्षेला बसवणं. नऊ प्रश्न, प्रत्येकी शून्य ते तीन गुण, बेरीज दहावर गेली की आम्ही कान टवकारतो, हे सगळं त्याला पाठ असतं. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या रेसिडेंट्सची बेरीज बऱ्याचदा आठ-नवावर येऊन थांबते. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा. तिथली शून्यावरची खूण जरा जास्तच ठसठशीत असते. मी हल्ली कागद बाजूला ठेवते आणि विचारते, "सुट्टीच्या रात्री झोप लागते का?" ड्यूटीवर झोप न मिळणं हा आजार नव्हे, ते टाइमटेबल. पण मोकळ्या रात्रीही पहाटे तीनला डोळे टक्क उघडे असतील, तर मग आमचं खरं बोलणं सुरू होतं.

मी मानसोपचारतज्ज्ञ. शिकाऊ डॉक्टर माझ्याकडे येतात ते गर्दी ओसरल्यावर, अ‍ॅप्रन घडी करून बॅगेत कोंबून. सुरुवात ठरलेली: "मॅडम, एका पेशंटबद्दल विचारायचं होतं." मग वय, तक्रारी, कधीपासून, आधीचं काही... राउंडला केस प्रेझेंट करावी तसं सगळं क्रमाने. मी मध्ये टोकत नाही. "या गोळीने नाइटला गुंगी येईल का?" इथवर गाडी आली की पेशंट कोण ते सांगायला लागत नाही. आणि त्यानंतरचा प्रश्न आजाराचा नसतोच. "मॅडम, याची एंट्री कुठे होते?"

रास्त प्रश्न आहे. केसपेपर निघाला की सिस्टीमवर चढतो आणि त्या सिस्टीमचं लॉगिन त्याच्या निम्म्या बॅचकडे असतं. पुढे तोच माझ्या विभागात पोस्टिंगला येऊ शकतो, परीक्षेला समोर मीच असू शकते. ज्याच्या हातात मार्क आहेत त्याने उपचार करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे आणि त्यात मीही आले. लंडनमध्ये २००८ साली डॉक्टर आणि दंतवैद्यांसाठी प्रॅक्टिशनर हेल्थ प्रोग्रॅम सुरू झाला. डॉ. क्लेअर जेराडा यांनी तो उभा केला. तिथे डॉक्टर स्वतःहून थेट जाऊ शकतो, कुणाची चिठ्ठी लागत नाही. अशी सोय नसेल तिथे किमान उपचाराला पाठवता येईल असा बाहेरचा डॉक्टर हवा. गोपनीयतेची मर्यादाही मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते: "जिवाला धोका वाटला तर मी गप्प बसणार नाही. पण तेव्हाही कुणाला, काय सांगतेय ते आधी तुला सांगेन." एवढं ऐकून बरेच जण खुर्चीत जरा मागे रेलतात.

"हल्लीची पोरं नाजूक," असं म्हणणारे सिनियर्स भेटतात. त्यांना मी अमेरिकेतल्या इंटर्न हेल्थ स्टडीचे २०१० साली छापून आलेले आकडे सांगते. इंटर्नशिप सुरू होण्याआधी नैराश्याच्या निकषात ३.९ टक्के बसत होते. वर्षभरातल्या चाचण्यांत ते प्रमाण सरासरी २५.७ टक्क्यांवर गेलं. माणसं तीच, प्रश्नावलीही हीच. मधे बदललं ते काम आणि कामाचे तास. तरी उपाय काय निघतो, तर ध्यानधारणेचं सक्तीचं सेशन, तेही नाइट संपल्यावर, हजेरीसकट!

मला विचाराल तर सगळ्यात मोठा अडथळा लाजेचा नाही, परवानगीचा आहे. "सर, दोन तास जाऊ का?" "कशाला?" त्या "कशाला"पाशीच बहुतेक जण माघार घेतात. दातांचं काम आहे म्हणून एकदा जाता येतं, दर आठवड्याला कुणाचे दात दुखतात? काही प्रशिक्षण कार्यक्रमांत यावर साधी युक्ती करतात. नव्या रेसिडेंट्सपैकी प्रत्येकाच्या नावावर समुपदेशकाची वेळ आधीच घालून ठेवायची. नको असेल त्याने रद्द करावी. सगळ्यांचीच असल्यामुळे कोण का गेलं हे कुणी विचारत नाही आणि जाणाऱ्याला कारण शोधावं लागत नाही.

विभागप्रमुखांकडे हा विषय काढला की उत्तर तयार असतं: "माणसं कुठून आणू?" अडचण खोटी नाही. पण रेसिडेंट कॉन्फरन्सला जातो तेव्हा त्याचे पेशंट कुणीतरी बघतंच ना? मग रोस्टरमध्ये ही वेळ घालताना कव्हरला कोण, त्याचं नावही तिथेच लिहायचं, आणि त्या दोन तासांत फोनही त्याच्याकडेच द्यायचा. नुसतं "वेळ राखीव" लिहिलं तर पहिल्याच इमर्जन्सीला ती वेळ जाते, आणि पोरगा समुपदेशकाच्या दारातून वॉर्डात परत पळतो.