तीन मिनिटं दहा सेकंद

कविसंमेलनात "दोनच छोट्या रचना सादर करतो" म्हणत उठलेला कवी पाचव्या रचनेनंतरही माईक सोडत नाही, हे ज्यांनी सोसलंय त्यांना पोएट्री स्लॅमचा, म्हणजे उभं राहून कविता म्हणायच्या स्पर्धेचा, पहिला नियम ऐकूनच बरं वाटेल. कविता तीन मिनिटांत संपवायची. वर दहा सेकंदांची सवलत. त्यापुढे दर दहा सेकंदांना अर्धा गुण कापतात. "ही कविता मला कशी सुचली" हे सांगायचं असेल तर जरूर सांगा, पण घड्याळ तुम्ही तोंड उघडल्यापासून चालू असतं.

मी भोसरी एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. पार्ट मोजायचा, पास किंवा रिजेक्ट ठरवायचं, रजिस्टर भरायचं. कविता बऱ्याच वर्षांपासून लिहितो, दिवाळी अंकांत अधूनमधून छापूनही येतात. आमच्याकडे ट्रेनी म्हणून आलेल्या एका मुलीने त्यातली एक वाचली आणि म्हणाली, "दादा, ही तुम्ही उभं राहून म्हणा ना. कर्वे रोडला एका कॅफेत स्लॅम असते, मी जाते." मी म्हटलं, वाचून दाखवीन की. तर म्हणे, "वाचायची नाही, म्हणायची. आणि लोक मार्क देतात."

कवितेला मार्क म्हटल्यावर माझ्यातला क्वालिटीवाला जागा झाला. कोण देतं? कशाच्या आधारावर? तिने सांगितलं ते असं: परीक्षक पाच, आणि तेही त्या संध्याकाळी प्रेक्षकांतूनच उचललेले. कवितेतलं कळण्याची अट नाही, फक्त स्पर्धकाचं नात्यातलं किंवा दोस्तीतलं कुणी नको. प्रत्येकाने शून्य ते दहामध्ये गुण द्यायचे, दशांशासकट. सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी, असे दोन आकडे सोडून द्यायचे आणि उरलेल्या तिघांची बेरीज धरायची. म्हणजे तीसपैकी.

हा प्रकार शिकागोचा. बांधकामावर काम करणाऱ्या मार्क स्मिथ नावाच्या कवीने तो १९८०च्या दशकात काढला आणि १९८६ पासून ग्रीन मिल नावाच्या जॅझ क्लबात तो नियमाने होऊ लागला. कवींनी कवींसाठी वाचायचं आणि बाकीच्यांनी जांभया द्यायच्या, याला तो कंटाळला होता. १९९० साली सॅन फ्रान्सिस्कोत पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, पुढे हे लोण युरोपात आणि आपल्याकडेही आलं. मला त्यातली सगळ्यांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. तिथे मार्क स्मिथने "माझं नाव मार्क स्मिथ" म्हटलं की अख्खा क्लब एका सुरात ओरडतो, "सो व्हॉट!" आपल्याकडे प्रमुख पाहुण्यांचा परिचय चालू असताना कुणीतरी हे करून बघावं.

आमच्या काव्यमंडळातल्या एका ज्येष्ठांना हे सांगितलं तर ते म्हणाले, कवितेची कुस्ती लावणं ही अमेरिकन खोड. मला पटलं नाही. कलगीवाले आणि तुरेवाले शाहीर शक्ती श्रेष्ठ की शिव श्रेष्ठ यावरून रात्र रात्र एकमेकांना कवनांतून कोडी घालायचे, समोर गाव बसलेलं असायचं आणि कोण हरलं हे गावाला कळायचं. आणि करंदीकर, बापट, पाडगावकर या तिघांनी गावोगावी कविता म्हणत फिरून काय केलं? पुस्तकातली कविता लोकांच्या कानावर घातली. फरक एवढाच की तिथे कुणी पाटीवर आकडा लिहून वर धरत नव्हतं.

मग नाव नोंदवलं. फॉर्म साधा होता: नाव, भाषा, कविता स्वतःची असल्याची कबुली. मराठी, हिंदी, इंग्रजी सगळं चालतं. खाली नियम. वाद्य नाही, वेशभूषा नाही, हातात कुठलीही वस्तू नाही. कविता, आवाज आणि अंग, संपलं.

माझी कविता होती 'ब्रेक'. कंत्राटी कामगाराचे सात महिने भरत आले की त्याला ब्रेक देतात आणि थोड्या दिवसांनी तोच माणूस नव्या पासवर त्याच मशीनवर येऊन उभा राहतो, त्याची. छापील दीड पान. पोराला मोबाइल लावायला बसवलं आणि म्हणून दाखवली. "पप्पा, चार एकोणीस." म्हणजे एक मिनिटाहून जास्त काढायचं होतं.

तयारीतला खरा वेळ इथे गेला. पहिलं कडवं आख्खं उडवलं. छापलेल्या कवितेत पहिल्या चार ओळी आपण वाचकाला दार उघडून आत घेतो; समोर बसलेला माणूस आधीच आत असतो. "श्रमांचं निर्वासित क्षितिज" ही माझी फार लाडकी ओळ होती. ती तीनदा मोठ्याने म्हटली आणि स्वतःच हसलो. कंस, अवतरणं, मुद्दाम तोडलेल्या ओळी हे सगळं डोळ्यांचं काम, कानाला त्यातलं काहीच दिसत नाही. आणि ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही. जे पहिल्या फटक्यात पोचलं नाही ते गेलं.

दुसरी अडचण मराठीची स्वतःची आहे. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं, आणि 'आहे', 'होतं', 'गेलं' म्हणताना आवाज आपोआप खाली बसतो. चाळीस ओळी सलग अशा बसायला लागल्या की ऐकणाराही बसतो. छापील ओळ होती, "गेटवरच्या रजिस्टरात माझं नाव खोडलेलं आहे." ती मी केली:

खोडलंय.
गेटवरच्या रजिस्टरात, लाल शाईने,
माझं नाव.

आता शेवटचा भार नावावर आला. अशी उलटापालट सगळीकडे केली तर ती नाटकी वाटते, म्हणून मोजक्या ठिकाणीच.

तिसरं म्हणजे धृपद. पोवाड्यात झीलकरी मागून "जी जी जी" धरतात तेव्हा शाहिराला दम घ्यायला वेळ मिळतो आणि लोकांना मागचं मुरवायला. स्लॅममध्ये मागे कुणी नाही, डफही नाही. ती उसंत कवितेतच शिवून ठेवावी लागते. मी "सात महिने भरले" ही ओळ ठरावीक अंतराने परत आणली. प्रत्येक वेळी अर्थ थोडा सरकतो: आधी कंत्राटाचे, मग बायकोचे, मग परत कंत्राटाचे. पाठ करायलाही त्याची मदत झाली, कारण मध्ये कुठे अडकलो तरी त्या ओळीवर येऊन उभं राहता येत होतं. घरी मात्र वैताग झाला. बायको म्हणाली, "वरणात मीठ बघा म्हटलं तर सात महिने भरले म्हणताय."

पाठ झाल्यावर मी ती कारखान्यात म्हणायचो, कॉम्प्रेसर चालू असताना. तिथे स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, त्यामुळे ओळ जिभेवर आहे की नुसती डोक्यात, ते लगेच उघडं पडतं. पोराचा शेवटचा आकडा दोन सत्तावन्न. तेवढ्यावर थांबलो, कारण लोक हसले किंवा चुटक्या वाजवायला लागले की थांबावं लागतं आणि घड्याळ थांबत नाही.

आमची सुट्टी गुरुवारी आणि स्लॅम शनिवारी. पहिली पाळी संपवून नाशिक फाट्याला मेट्रोत बसलो, सिव्हिल कोर्टला बदलली, नळ स्टॉपला उतरलो. अंगात कंपनीचा युनिफॉर्म. कविता कामगाराची आणि म्हणणारा युनिफॉर्ममध्ये, म्हणजे ही वेशभूषा धरायची का? सूत्रसंचालक मुलगा विचारात पडला. "काका, तुम्ही खरंच कामावरून आलाय, पण कुणी हरकत घेतली तर..." मी बॅगेतला शर्ट काढून बदलला. खिशातला आटे तपासायचा थ्रेड गेजही ट्रेनीकडे दिला, उगाच हात तिकडे जायला नको.

चिठ्ठ्या काढून क्रम ठरला. आठ स्पर्धक, माझा तिसरा. लवकरचा नंबर वाईट समजतात. रात्र चढते तसे परीक्षकांचे आकडेही चढतात, त्याला स्कोअर क्रीप म्हणतात. म्हणून सुरुवातीला एक कवी स्पर्धेबाहेर येऊन कविता म्हणतो आणि परीक्षक त्याला गुण देऊन आपला हात बसवून घेतात. त्याला सॅक्रिफायशियल पोएट म्हणतात, म्हणजे बळीचा बकराच. हल्ली कॅलिब्रेशन पोएटही म्हणतात. हे ऐकून मला जरा घरी आल्यासारखं वाटलं. आम्हीही मोजणी सुरू करण्याआधी मास्टर, म्हणजे अचूक मापाचा नमुना, लावून गेज तपासतो.

बाकी मोजमाप म्हणून बघाल तर हा सगळा प्रकार बाद आहे. आमच्याकडे मोजणाऱ्या माणसांमधला आणि उपकरणांतला फरक एकूण फरकाच्या तीस टक्क्यांवर गेला की ती पद्धत नापास होते. इथे पाच परीक्षकांत एक जोडपं मिळून एक पाटी धरून बसलं होतं, एक आजोबा नातवाबरोबर कॉफी प्यायला आलेले, आणि एका मुलीला मराठी जेमतेम येत होतं. एकाच कवितेला एकाने ६.१ आणि शेजारच्याने ९ दिले. ८.३ आणि ८.४ मधला फरक यांतल्या कुणाला विचारला असता तर सांगता आला नसता. बरोबरी टळते, एवढाच त्या दशांशाचा उपयोग.

पण मी परीक्षकांकडे बघत होतो. ते आजोबा पुढे सरकून बसले होते. हातात पाटी असल्यामुळे मोबाइल बाजूला ठेवलेला. आकडा द्यायचा म्हणून प्रत्येक कविता शेवटपर्यंत ऐकत होते, आणि त्यांनी कमी गुण दिले की मागची पोरं "आजोबाऽऽ" करून ओरडत होती. परीक्षकांची हुर्यो उडवायला इथे परवानगी आहे. कुठल्या कविसंमेलनात अनोळखी माणसं सलग दीड तास अशी जागी असतात? ही मोजपट्टी कविता मोजायला नाहीच, लोकांना ऐकायला बसवायला आहे.

माझा नंबर आला. माईकपासून चार बोटं लांब राहिलो, कारण 'भरले'मधला 'भ' जवळून म्हटला की स्पीकरमधून फटाका फुटतो. पहिल्यांदा "सात महिने भरले" म्हटलं तेव्हा शांतता. दुसऱ्यांदा, बायकोचे, तेव्हा चुटक्या. चुटकी म्हणजे पसंती, हे ट्रेनीने आधी सांगून ठेवलं होतं म्हणून बरं. ग्रीन मिलमध्ये उलट आहे, तिथे चुटक्या म्हणजे आता आवरा. आणि पुरुषोत्तम करंडकाला, कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला, भरत नाट्य मंदिरात "अरे आव्वाज कुणाऽऽचा" ऐकलेल्या माणसाला चुटकी म्हणजे फारच नाजूक प्रकार वाटतो.

आकडे आले: ७.८, ८.४, ६.५, ९.२, ८.१. वरचा आणि खालचा गेला, बेरीज २४.३. ६.५ त्या कमी मराठी येणाऱ्या मुलीचे असावेत, असं मी स्वतःला समजावलं. माझ्यानंतरच्या एका मुलाची कविता माझ्याहून चांगली होती, त्यात शंका नाही. पण त्याने तीन अडतीस घेतले आणि दीड गुण गेला. पहिले चार पुढच्या फेरीत जाणार होते. मी चौथा.

दुसऱ्या फेरीत 'दिवसाआड' म्हटली. पिंपरी-चिंचवडला २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं, त्यावर सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चालणाऱ्या युद्धाची ही कविता, एका संध्याकाळी गंमत म्हणून लिहिलेली. तिला २६.१ मिळाले. ज्या कवितेवर मी इतका घासलो तिच्याहून जास्त. स्लॅमचं हे मला खटकतं. हसवणारी किंवा चिडलेली कविता पुढे जाते, हळू चालणारी मागे राहते. त्या रात्री एका मुलीने आजीच्या विसरण्यावर अगदी खालच्या आवाजात कविता म्हटली होती, ती पहिल्याच फेरीत बाहेर. मी शेवटी तिसरा आलो. बक्षीस पहिल्यालाच होतं, पुस्तकांचं कूपन.

निघताना सूत्रसंचालकाने विचारलं, पुढच्या वेळी तुम्ही कॅलिब्रेशन पोएट व्हाल का? मी लगेच हो म्हटलं. 'ब्रेक'च म्हणणार आहे, यावेळी दोन कडवी परत घालून. स्पर्धेबाहेरच्या कवीला वेळेचं बंधन नसणार असं मी धरून चाललो होतो. तर म्हणे, "नाही काका, तुम्हालाही तीन मिनिटं दहा सेकंदच. गुण कसे कापतात तेही परीक्षकांना दाखवायला हवं ना." म्हणजे मी वेळ ओलांडली तरी ती त्यांच्या उपयोगाचीच. घरी येऊन पोराला परत मोबाइल लावायला सांगितलं.