देशी × रक्षक, एफ-३: १४ नंबर करपला

मंडळी, करप्याला दाद न देणारं टोमॅटोचं झाड शोधायला मी देशी टोमॅटो आणि रक्षक हा संकरित वाण यांच्या संकराची तिसरी पिढी (एफ-३) गच्चीवर वाढवते आहे. गेल्या खेपेला १४ नंबरचं कुटुंब करपत नाही म्हणून मी पेढे वाटले होते. ते परत घेते.

ज्यांनी तेव्हाचे फोटो पाहिले त्यांना आठवत असेल. ऑक्टोबर संपताना गच्चीवर तुलनेसाठी लावलेल्या पुसा रुबी वाणाच्या चारही झाडांच्या खाली नुसत्या काड्या उरल्या होत्या. ९, २२, ३१ ही कुटुंबं (एकेका झाडाच्या बियांची भावंडं) कमीजास्त करपलेली, आणि मधोमध १४ नंबरची सहाही झाडं हिरवीगार. रोग पोचलाच नसेल, ही शंका मी आधीच मिटवली होती. करपलेली पानं ओल्या टिश्यूवर श्रीखंडाच्या डब्यात दोन दिवस ठेवली, बीजाणू पाण्यात धुतले, मलमलीतून गाळले आणि फोल्डस्कोप या कागदी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. १४० पटीत करप्याच्या बुरशीचा, अल्टरनेरियाचा, बीजाणू ओळखू येतो, बुटकं अंग आणि शेपटीसारखी लांब चोच. ते पाणी दिवेलागणीला सगळ्यांवर सारखं फवारलं आणि रात्रभर प्लास्टिक पांघरलं. तरी १४ नंबरवर ठिपका नाही. मग नाचायचं नाही तर काय करायचं?

तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला १४ नंबरला फळं धरली. उशिरा धरली, पण घोसच्या घोस. आणि देवदिवाळीपर्यंत खेळ संपला. आधी सगळ्यात खालच्या पानावर तपकिरी ठिपका, त्यात एकात एक वलयं, भोवती पिवळी कड, मग अख्खं पान वाळून देठाला लोंबकळतंय. सहापैकी पाच झाडं माझ्या मोजपट्टीवर शून्यावरून चारवर गेली. या पट्टीवर शून्य म्हणजे निरोगी आणि पाच म्हणजे नुसती काडी.

सहावं, १४-४, मात्र जसंच्या तसं. बरं, पाच गेली तर गेली, हिरा हातात आहे, असं म्हणून मी त्याला हिरवा दोरा बांधला आणि फोटो काढायला वाकले. तेव्हा लक्षात आलं की या झाडावर एकही टोमॅटो नाही. देठ होते, टोमॅटो नव्हते.

खाली जाऊन सासूबाईंना विचारलं, "आई, वरच्या झाडाची फळं तुम्ही काढता का?"

"ते कठड्याजवळचं ना? तेवढ्याच झाडापर्यंत हात पोचतो गं. तुझ्या त्या पिशव्यांमधून मला चालता येतं का? रोज चार काढते, चटणीला."

तीन आठवडे आम्ही हिरव्या टोमॅटोची, दाण्याचं कूट घातलेली चटणी खात होतो आणि मला वाटत होतं की नंदलालपुऱ्याच्या भाजीबाजारातून आणतात!

तर प्रश्न सुटला, आणि माझा हिराही गेला. फळं भरायला लागली की झाडाची साखर तिकडे ओढली जाते, खालची पानं लवकर म्हातारी होतात, आणि या बुरशीला म्हातारं, रिकामं पानच आवडतं. १९५०च्या दशकात रोगशास्त्रज्ञ लवकर येणाऱ्या करप्याला 'कमी साखरेचा रोग' म्हणत, ते मी वाचलेलं होतं. वाचलं आणि सोडून दिलं. ऑक्टोबरात १४ नंबर निरोगी होता कारण त्याच्यावर तेव्हा ओझंच नव्हतं. प्रतिकार वगैरे काही नाही, नुसता उशीर. हा उशीर आला देशी आईकडून. ती वेलीसारखी वाढते, सगळ्यात शेवटी फळते आणि दरवर्षी डिसेंबरात करपते. चार वर्षं डोळ्यांसमोर आहे माझ्या!

मर रोगाचं (झाड कोमेजून मरतं त्याचं) काम करणाऱ्यांचा मला हेवा वाटतो. तिथे रोग अडवणारा 'आय' जनुक असतो किंवा नसतो, एफ-२ मध्ये, म्हणजे दुसऱ्या पिढीत, तीन टिकणाऱ्यांस एक मरणारं, मोजा आणि घरी जा. करप्यात अनेक जनुकं थोडा थोडा हात लावतात, आणि वरून झाडाचं वय आणि फळांचा भार सगळं गढूळ करतात.

खात्री करायला राखीव ठेवलेली पुसा रुबीची दोन झाडं घेतली. एकाची फळं वाटाण्याएवढी झाली की खुडायची, दुसऱ्याला हात लावायचा नाही. तीन आठवड्यांनी खुडलेल्याची दोन पानं ठिपक्यांची, न खुडलेल्याची सात. दोनच झाडांवरून शपथ घेणार नाही, पण मला पटलं.

पुसा रुबीवरून आठवलं. इथल्या छावणी भागातल्या एका दुकानातून आणलेल्या पाकिटात यंदा निम्मी रोपं भलतीच निघाली, लांबट फळांची. दुकानदार म्हणाला, "मैडम, टमाटर तो टमाटर है." तुलनेचं झाड स्वतः धरलेल्या बियांचंच असावं. आणि लेबलांना मार्कर वापरू नका. मार्कर उन्हात दोन महिन्यांत उडतो. थंड पेयाच्या डब्याच्या पट्ट्या कापून त्यावर बॉलपेनाने दाबून लिहा, शाई गेली तरी अक्षर राहतं. कंपोस्टबद्दल विचारणाऱ्यांना: ज्या गावात इंग्रज शेतीशास्त्रज्ञ हॉवर्डसाहेबांनी कंपोस्टची 'इंदूर पद्धत' बसवली, तिथे राहूनही मी टोमॅटोची करपलेली पानं ड्रममध्ये टाकत नाही. त्यांचा ढीग चांगला तापायचा, माझा गच्चीवरचा ड्रम कोमटसुद्धा होत नाही.

आता पुढचं. १४ नंबरचं बी मागितलेल्या सातजणांची पाकिटं मी रोखली आहेत, रागावू नका. यापुढे सगळ्यांना एकाच तारखेला गुण देणं बंद. प्रत्येक झाडाची पहिली फळधारणा लिहायची आणि तिथून तीस दिवसांनी पानं मोजायची. सोबत फळांचा आकडा.

हे इतकं लिहून झाल्यावर जुन्या नोंदी नव्या हिशेबाने लावून पाहाव्यात म्हणून वही काढली, आणि तासभर तिथेच अडकले. ९-२. पहिलं फळ २८ सप्टेंबर, म्हणजे गच्चीवरचं जवळजवळ सगळ्यात लवकर. ३१ ऑक्टोबरला ४१ फळं आणि करपा फक्त दोन. त्याची भावंडं त्याच दिवशी चारवर. समोर माझ्याच अक्षरात: "फळ बारीक, तडकतं. रद्द." लाल दोराही बांधलेला! एवढं ओझं घेऊन जे झाड पानं धरून उभं राहिलं, ते मी फळ सुबक नाही म्हणून बाद केलं होतं.

धावत वर गेले. पाण्याच्या टाकीमागे अजून उभं आहे, उपटायचा आळस केला म्हणून. शेंड्याकडे हिरवं आहे. पाच बगलफुटी (पानाच्या बेचक्यातल्या कोवळ्या फांद्या) काढून पाण्यात ठेवल्या. रात्री पारा दहावर येतोय, म्हणून ग्लास ओट्यावर, गॅसच्या शेजारी. आज सातवा दिवस, तिघांना मुळांची पांढरी टोकं दिसताहेत. झाडावर तीन पिकली फळं होती, त्यांचं बी वाटीत आंबत ठेवलंय.

मूळ बेत ९-२ला सरळ रक्षकशी परत जोडायचा होता. पण रक्षक स्वतःच संकरित, पुन्हा जनुकांची सगळी खिचडी. आधी या तीन फांद्यांवर एकही फळ न काढता पूर्ण भार येऊ देते आणि पुन्हा फवारते. टिकल्या तरच संकरासाठी चिमटा हातात घेईन.

या फांद्यांच्या पिशव्या कठड्यापासून तीन ओळी आत ठेवणार आहे. १४-४ आहे तिथेच राहील, चटणी खरंच चांगली होते.