तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडची गाडी मुंबईला आणावी का?

आम्ही इंग्लंडातल्या रेडिंगहून मुलुंडला परत आलो त्याला आता बरीच वर्षं झाली, पण ओळखीपाळखीत ‘त्यांनी सगळं केलंय, त्यांना विचार’ असा शिक्का बसला तो बसलाच. कोणाचं कायमचं परत यायचं ठरलं की फोन येतो. आधी मुलांच्या शाळेचं विचारतात, मग भाड्याच्या घराचं. बोलणं आटपत आलं की नवरा बायकोच्या हातून फोन घेतो आणि जरा आवाज खाली आणून म्हणतो, “काकू, एक राहिलंच. गाडी आणता येईल का हो?”

येते. पण आणू नका.

एवढ्यावर कोणाचं समाधान होत नाही हे मला माहीत आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

अमेरिका, जर्मनी किंवा आखातातून येणाऱ्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. तिकडे स्टिअरिंग डावीकडे, आणि वापरलेली गाडी भारतात आणायची तर ते उजवीकडेच हवं. दुबईहून फोन करणाऱ्या एकाने मला “स्टिअरिंग बदलून घेतलं तर?” असंही विचारलं होतं. त्याला मी शाळेच्या विषयाकडे परत नेलं. म्हणजे उरले कोण? ब्रिटन, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मलेशिया, जपान, दक्षिण आफ्रिका वगैरे डाव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशांतले.

आमच्या वेळी आमच्या ह्यांनाही गाडी आणायची होती. निळी होंडा जाझ, दोन वर्षांची, आतून अजून नव्यासारखी. मी म्हटलं, घरात वाद घालण्यापेक्षा ज्याचा हा रोजचा धंदा आहे त्याला विचारू. सुट्टीत मुंबईला आलो होतो तेव्हा बेलार्ड इस्टेटमधल्या एका जुन्या क्लिअरिंग एजंटकडे, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्या एका काकांकडे गेलो. कस्टम हाउसपासून चालत जाण्याच्या अंतरावर, लाकडी जिना, वर टेबलावर फायलींचे गठ्ठे. काकांनी गाडीचं मॉडेलसुद्धा आधी विचारलं नाही. त्यांचे तीन प्रश्न होते. स्टिअरिंग कुठे? गाडी बनली कधी? इथे तिची सर्व्हिस कोण करणार?

दुसऱ्या प्रश्नात बरेच जण अडकतात. वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि ही वर्षं मोजायची ती गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हापासून, तुम्ही घेतलीत तेव्हापासून नाही. शोरूमच्या आवारात सहा महिने उभी असलेली गाडी तुम्ही सवलतीत घेतलीत, तर ते सहा महिनेही त्यात धरायचे. तिसरा प्रश्नही हवेतला नाही. आयातीनंतर पाच वर्षं गाडी रस्त्यावर चालण्याच्या लायक राहील आणि तिला देशात सर्व्हिस मिळेल याची हमी नियमातच मागितली आहे. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा, हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा. ब्रिटनच्या गाडीला यात सहसा अडचण नसते, तिथल्या काट्यावर मैलांच्या जोडीला किलोमीटरचे आकडे असतात.

एक गंमत अशी की वापरलेली गाडी देशात फक्त मुंबईच्या बंदरातूनच आणता येते. कोचीचा माणूस असो की कोलकात्याचा, गाडी उतरवायला इथेच यायचं. नियमांच्या त्या जंजाळात मुंबईकराची सोय बघणारं मला एवढं एकच कलम दिसलं.

मग काकांनी पेन्सिल घेतली आणि एका पाकिटाच्या मागे हिशेब मांडला. तोच हिशेब मी आज फोनवर सगळ्यांना सांगते, फक्त दर आजचे लावून.

आधी गाडीची किंमत ठरते, आणि ती तुम्ही नाही ठरवत. तुम्ही घासाघीस करून कितीला घेतलीत, आज तिकडच्या बाजारात तिला काय भाव येतो, याच्याशी कस्टम्सला कर्तव्य नाही. ते कंपनीची नव्या गाडीची किंमत धरतात आणि तिच्यातून घसारा वजा करतात: पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच. म्हणजे दोन वर्षांच्या गाडीला २८ टक्के. तिकडे बाजारात तिचा भाव चाळीस टक्क्यांनी पडलेला असला तरी इथे वजावट २८च.

धरा, नवी असताना गाडी २० लाखांची होती. घसारा जाऊन राहिले १४.४ लाख. जहाजभाडं आणि विमा मिळून १.६ लाख धरू, म्हणजे सरळ १६ लाख झाले. वापरलेल्या मोटारीवर सीमाशुल्क १३७.५ टक्के. पूर्वी हे १२५ टक्के मूळ शुल्क आणि वरचा अधिभार असं होतं, २०२५च्या अर्थसंकल्पात खाती बदलली, बेरीज तीच राहिली. १६ लाखांवर ते झाले २२ लाख. आता ३८ लाखांवर जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या गाड्यांना तो ४० टक्के आहे, म्हणजे आणखी १५.२ लाख. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी असेल तर १८ टक्क्यांवर भागतं, पण तेवढी लहान गाडी आणायला सहसा कोणी फोन करत नाही. बेरीज ५३.२ लाख. गाडी अजून डॉकमध्येच आहे. नोंदणीला आरटीओत गेलात की महाराष्ट्रात आयात गाडीचा एकरकमी कर २० टक्के, तो सगळ्या शुल्कांसकट झालेल्या किमतीवर. साडेदहा लाख वर.

चौसष्ट लाखांच्या आसपास झाले. एजंटची फी, डॉकचं भाडं, कागद अडकला तर डेमरेज म्हणजे उशिराचा आकार, हे मी धरलेलंच नाही. आणि गाडी कोणती? दोन वर्षं वापरलेली, वीस लाखांची.

काकांनी पाकीट आमच्याकडे सरकवलं आणि म्हणाले, “चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. चहा घेणार?” आमच्या ह्यांनी पाकीट उलटं-सुलटं करून पाहिलं, एक बेरीज तोंडाने पुन्हा केली आणि चहा घेतला.

इथपर्यंत ऐकलं की फोनवरच्या माणसाकडे तीन वाटा असतात. सगळ्यांच्या याच तीन.

पहिली: “पण आम्ही कायमचे परत येतोय ना, ट्रान्स्फर ऑफ रेसिडेन्समध्ये सूट असते.” असते, घरच्या सामानाला. फ्रीज, टीव्ही, वॉशिंग मशीन यांच्यासाठी. मोटारगाडी बॅगेजमध्ये मोडतच नाही, तिच्यावर पूर्ण शुल्क.

दुसरी: “आता ब्रिटनशी करार झालाय.” झाला, २४ जुलै २०२५ला सह्या झाल्या आणि त्यात मोटारींवरचं शुल्क १० टक्क्यांपर्यंत उतरायचं आहे. पण ते ठरावीक कोट्यापुरतं आणि ब्रिटनमध्ये बनलेल्या मालाला. तुमच्या दारातली गाडी ब्रिटिश नंबरप्लेटची असली म्हणून ब्रिटिश होत नाही. ती जर्मनीत बनलेली असेल, जपानमध्ये किंवा स्पेनमध्ये. माझ्या एका भाच्याची तर सुझुकी बलेनो होती, म्हणजे आपल्याच मारुतीच्या कारखान्यातून जहाजाने तिकडे गेलेली. तिला परत आणायचा विचार तो गंभीरपणे करत होता. मी म्हटलं, माहेरपणाला एवढा खर्च कोणी करत नाही रे.

तिसरी वाट जरा चलाख लोकांची: कार्ने. हे पर्यटकांसाठीचं परवानापत्र आहे. त्यावर गाडी शुल्काविना आत येते, पण काही महिन्यांपुरती, आणि ती मुदतीत देशाबाहेर न्यावीच लागते. लंडनहून गाडी चालवत मुंबईला येणाऱ्या हौशी मंडळींसाठी ते ठीक. मुलुंडच्या सोसायटीत गाडी कायमची लावायला ते कामाचं नाही.

पैशाचं बोलून झालं, तरी मुंबईचं राहिलंच. ‘पैसे आहेत हो आमच्याकडे’ म्हणणारेही भेटतात, त्यांच्यासाठी हा परिच्छेद. आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये सिंगापूरहून आणलेली एक देखणी पांढरी गाडी आहे. एका सकाळी पाण्याच्या टँकरने गेटात वळताना तिचा डावा आरसा उडवला. तो आरसा भारतात मिळणाऱ्या मॉडेलच्या आरशापेक्षा वेगळा निघाला, आत कॅमेरा, दुमडायची मोटर वेगळी, वायरिंगचा सॉकेट वेगळा. गॅरेजवाल्याने एक आरसा आणून लावून पाहिला, बसेना. अख्खा पावसाळा ती गाडी खाकी चिकटपट्टी गुंडाळलेल्या आरशाने फिरली. पट्टी भिजून सुटायची आणि मालक दर रविवारी खाली उतरून नवी गुंडाळायचे. या शहरात आरसा जाणं ही काही दुर्घटना नव्हे, तो हवामानाचा भाग आहे. म्हणून गाडी अशी हवी जिचा आरसा कुर्ल्यात संध्याकाळपर्यंत मिळतो.

पार्किंगचं मी बोलतच नाही. स्टॅक पार्किंगच्या वरच्या मजल्यावर गाडीची उंची बसते का, एवढं तरी सेक्रेटरींना विचारून घ्या.

पण मी सगळ्यांनाच नाही म्हणते असं नाही. बर्मिंगहॅमहून एका बाईंचा फोन आला होता. त्यांच्या आई व्हीलचेअरवर, गाडीला मागून रॅम्प, आतली जमीन खाली घेतलेली, खुर्ची पट्ट्यांनी जागच्या जागी जखडता येते अशी. आईंना उचलून सीटवर बसवणं आता शक्य नव्हतं. त्यांना मी काकांचा नंबर दिला आणि सोबत सांगितलं की इथे पुण्या-मुंबईत गाडीत असे बदल करून देणारे कोण आहेत ते आधी बघा, मग दोन्ही हिशेब शेजारी ठेवा. तिथे चौसष्ट लाखांचा आकडा मोठा असला तरी प्रश्न खरा होता. बाकी हौसेची स्पोर्ट्स कार आणणाऱ्यांना माझ्या सल्ल्याची गरज नसते, ते विचारतही नाहीत.

खरं म्हणजे हा प्रश्न मला येतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते. उजवं स्टिअरिंग, उत्पादनाची तारीख, इथे विकलं जाणारं मॉडेल, हे सगळं ठरतं ते तिकडे शोरूममध्ये सही करताना. आणि तेव्हा भारताचा विचार कोणाच्याच डोक्यात नसतो, असतो तो हप्ता. त्यावरूनच पुढचं सांगते, कारण ब्रिटनच्या मंडळींना याची फार गरज असते. तुमची गाडी पीसीपीवर, म्हणजे शेवटी एक मोठा हप्ता ठेवलेल्या कर्जाच्या करारावर असेल, तर ती तुमची नाहीच. शेवटचा मोठा हप्ता भरेपर्यंत कायद्याने मालकी फायनान्स कंपनीची, तिच्या परवानगीशिवाय तुम्ही ती देशाबाहेर काढू शकत नाही. “आमची गाडी” म्हणून सुरू झालेले अर्धे फोन या एका प्रश्नावर थांबतात. पण त्यातच सुटकाही आहे: कराराच्या एकूण रकमेतले निम्मे पैसे भरून झाले असतील, तर १९७४च्या तिथल्या ग्राहक पतपुरवठा कायद्यानुसार गाडी परत करून तुम्ही मोकळे होऊ शकता. निघायच्या दोन-तीन महिने आधी हा हिशेब कंपनीकडून लेखी मागवा.

गाडी स्वतःची असेल तर विका, आणि तिकीट काढल्याबरोबर विकायला लागा. ऑनलाइन गाडी घेणाऱ्या कंपन्या पटकन घेतात पण भाव पाडतात. शेवटच्या आठवड्यात त्यांच्याकडे जाणारा माणूस दिसेल तो भाव घेतो, कारण त्याच्या हातात बोर्डिंग पास असतो. त्यापेक्षा महिनाभर आधी खासगी गिऱ्हाईक बघा आणि शेवटचे दिवस भाड्याच्या गाडीवर काढा. भाड्यात गेलं त्यापेक्षा विक्रीत जास्त मिळतं. विकल्यावर डीव्हीएलएला, म्हणजे तिथल्या आरटीओला कळवा, म्हणजे रोड टॅक्सच्या उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत येतात. बँक खातं त्याआधी बंद करू नका.

आणि विमा कंपनीकडून एक पत्र घेतल्याशिवाय विमानात बसू नका: तुम्ही किती वर्षं क्लेम केला नाही याचं. परदेशात कमावलेला नो क्लेम बोनस इथल्या नव्या गाडीच्या विम्याला लागू करून घेता येतो, मात्र तिकडची पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत इथे पॉलिसी घ्यायला हवी. पाच-सहा वर्षं क्लेम नसेल तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. इथला एजंट आपणहून हे सांगणार नाही, किंबहुना ‘असं नसतं’ म्हणेल. मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे गाडीच्या विम्याच्या नियमावलीत तसं लिहिलंय, त्याला वर विचारून घ्यायला सांगा. पत्रावर गाडीचा नंबर, तुमचं पासपोर्टावरचं नाव आणि पॉलिसी संपल्याची तारीख असू द्या. नावातलं एक स्पेलिंग चुकलं तरी इथे बसून ते पत्र बदलून आणायला महिने जातात.