गुडघा वाकण्याआधी सरळ व्हायला हवा

गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर भेटायला येणारा प्रत्येक जण ‘किती वाकतो?’ असेच विचारतो. मला मात्र तो पूर्ण सरळ होतो की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. खुर्चीतून सहज उठण्यासाठी साधारण ९० अंशांहून थोडे अधिक वाकणे पुरते, पण गुडघा ० अंशापर्यंत सरळ झाला नाही, तर माणूस लंगडत चालतो आणि मांडीचे स्नायू लवकर थकतात. म्हणूनच गुडघ्याखाली उशी ठेवून झोपण्याचा मोह, कितीही आराम वाटला तरी, टाळावा लागतो. उशी ठेवायचीच असेल तर ती टाचेखाली ठेवावी. टाच उशीवर ठेवून गुडघा सरळ करण्याचा हा व्यायाम मला सर्वांत कठीण गेला आणि माझ्या मते सर्वाधिक उपयोगही त्याचाच झाला.

काठी शस्त्रक्रिया न झालेल्या बाजूच्या हातात धरायची असते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रिया झालेला पाय आधी.

सूज आणि उष्णपणा काही महिने टिकू शकतात, व्रणाच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बधिर राहू शकते, आणि यामुळे खचून जाण्याचे कारण नाही. परंतु पोटरी अचानक दुखू लागली किंवा सुजली, तर रक्ताच्या गुठळीची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, आणि धाप लागली किंवा छातीत दुखले, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.